मुलगा एका जागी बसत नाही, ओमेगा-३ सुरू करू का?

औषधाच्या दुकानातली ओमेगा-३ ची एखादी साधी बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘फिश ऑइल १००० मि.ग्रॅ.’ आता बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुतेक वेळा ईपीए १८० मि.ग्रॅ. आणि डीएचए १२० मि.ग्रॅ. (हे ओमेगा-३ चे दोन प्रकार) असे दोन आकडे सापडतात. ज्यासाठी आपण पैसे मोजतो ते एवढंच, तीनशे. उरलेले सातशे म्हणजे माशाचं इतर तेल.

शाळेच्या डायरीत ‘वर्गात सतत उठतो, लक्ष देत नाही’ असा शेरा आला की घरात शोधाशोध सुरू होते आणि हल्ली ती फार लवकर या बाटलीपाशी येऊन थांबते. मोबाइलवरचा व्हिडिओ सांगतो की पाणी वगळलं तर मेंदूचा निम्म्याहून जास्त भाग चरबीचाच आहे आणि मुलाला ‘चांगली चरबी’ मिळत नाही म्हणून तो अस्वस्थ आहे. यातलं पहिलं विधान बरोबर आहे. दुसऱ्यापाशी मात्र थांबायला हवं. चंचल मुलांच्या रक्तात ही चरबी कमी सापडणं ही एक गोष्ट झाली. ती वरून दिल्यावर मुलाचं वागणं सुधारणं ही अगदी वेगळी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाचे महिने वाया जातात.

## आधी, ‘अतिचंचल’ कुणाला म्हणायचं?

पाच वर्षांचं मूल जेवताना चारदा उठलं, तर त्यात आजार नाही. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार. तो ठरवायचे निकष कडक आहेत. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आणि अतिचंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं अशा दोन याद्या असतात. त्यांपैकी निदान एका यादीतली सहा लक्षणं मुलात दिसायला हवीत, तीही सहा महिने, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, आणि त्यांची सुरुवात वयाच्या बाराव्या वर्षाआधी झालेली असायला हवी. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा विकार असतो. फक्त गणिताच्या तासालाच चुळबुळ करणारं मूल या व्याख्येत बसत नाही. त्याची अडचण गणितात असू शकते.

काही साध्या गोष्टीही हुबेहूब असंच चित्र उभं करतात. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे रात्री घोरणारं मूल दिवसा पेंगत नाही, उलट जास्त धावतं. ज्याला कमी ऐकू येतं, ते मूल बाईंकडे बघत नाही. रक्तातलं लोह कमी असेल तर चिडचिड होते आणि लक्ष उडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या पाच वर्षांखालच्या शंभरपैकी ६७ मुलांना रक्तक्षय होता. म्हणजे लोहाची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ती भरून काढण्याचा उपचार स्वस्त व खात्रीचा आहे. तेलाच्या बाटलीआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) तपासून घ्यावं, असं आम्ही आवर्जून सांगू.

## मेदाम्लं म्हणजे नेमकं काय?

थंडीत तूप गोठतं, खोबरेल गोठतं, शेंगदाण्याचं तेल मात्र वाहतं राहतं. हा फरक मेदाम्लांमुळे पडतो. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या मण्यांची माळ. माळ सरळ असेल तर माळा एकमेकींवर नीट रचल्या जातात आणि चरबी घट्ट होते. माळेला मध्येच वाकण असेल तर रचना बसत नाही आणि तेल पातळ राहतं. शेपटाकडून मोजत आलं की पहिली वाकण तिसऱ्या मण्यावर लागते ते ओमेगा-३, सहाव्या मण्यावर लागते ते ओमेगा-६.

मेंदूतल्या प्रत्येक पेशीभोवती अशाच मेदाम्लांचं पातळ आवरण असतं. पेशी एकमेकींना निरोप देतात ते या आवरणातल्या दारांमधून, आणि आवरण लवचीक असेल तर ही दारं नीट उघडतात-मिटतात. सर्वांत जास्त वाकणांची माळ म्हणजे डीएचए. ती मेंदूच्या करड्या भागात आणि डोळ्याच्या पडद्यात ठासून भरलेली असते. तिची धाकटी बहीण ईपीए मेंदूत फारशी साठत नाही, पण शरीरातला दाह आवरण्याच्या कामात ती लागते.

दोन मेदाम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात: ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल आणि ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, थोडक्यात एएलए. अशी काही मेदाम्लं अत्यावश्यक असतात हे १९२९-३० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवर दाखवलं. चरबी पूर्ण काढून टाकलेल्या खाण्यावर ठेवलेल्या उंदरांची वाढ थांबली, कातडीला खवले धरले आणि ते वाजवीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागले. ही तहान लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

## एकच जातं, दोन रांगा

जवसात किंवा अक्रोडात ईपीए-डीएचए नसतं, एएलए असतं. शरीर त्याचं रूपांतर करून ईपीए आणि मग डीएचए बनवतं. घोटाळा असा की लिनोलेइक आम्लाचं रूपांतरही त्याच विकरांकडून, म्हणजे शरीरातल्या त्याच रासायनिक यंत्रांकडून होतं.

पिठाच्या गिरणीत एकच जातं आहे अशी कल्पना करा. गव्हाचे वीस डबे रांगेत आहेत आणि ज्वारीचा एक. ज्वारीचं पीठ मिळेल, पण उशिरा आणि थोडं. आपल्या स्वयंपाकघरात तेच होतं. सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात साधारण ६० टक्के लिनोलेइक आम्ल असतं, करडईच्या तेलात त्याहून जास्त, ७५ टक्क्यांच्या आसपास. दोन्हींत एएलए जवळजवळ नाही. शेंगदाण्याच्या तेलात लिनोलेइक ३० टक्क्यांच्या घरात, पण एएलए तिथेही नाही. सोयाबीनच्या तेलात एएलए सुमारे ७ टक्के असतं, मोहरीच्या तेलात १० टक्क्यांच्या आसपास.

रांग लहान असली तरी जात्याची गती मंदच आहे. खाल्लेल्या एएलएपैकी ईपीएपर्यंत पोहोचतं ते पाचेक टक्के, आणि डीएचएपर्यंत जेमतेम एखादा टक्का.

म्हणून लिनोलेइक आम्ल शत्रू ठरत नाही. ते अत्यावश्यक आहे आणि हृदयासाठी चांगलंही आहे. तेल बदलून घरभर तुपाचा मारा केल्याने ओमेगा-३ वाढत नाही.

## ही शंका आली कुठून?

१९८१ मध्ये ब्रिटनमध्ये अतिचंचल मुलांच्या पालकांच्या मदतगटात काम करणाऱ्या व्हिकी कोल्कहून आणि सॅली बंडे यांनी एक निरीक्षण मांडलं. यातल्या बऱ्याच मुलांना सतत तहान लागते, त्वचा कोरडी असते, इसब किंवा दमा असतो, आणि मुलींपेक्षा मुलगे जास्त असतात. बर दांपत्याच्या उंदरांशी हे जुळत होतं. अत्यावश्यक मेदाम्लं कमी पडल्यामुळे तर चंचलता येत नसेल, असा त्यांचा तर्क होता.

मग रक्त तपासणं आलं. १९८७ मध्ये न्यूझीलंडमध्ये ४८ अतिचंचल मुलांची ४९ इतर मुलांशी तुलना झाली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांची ४३ मुलांशी. दोन्हीकडे अतिचंचल मुलांच्या रक्तात लांब माळांची मेदाम्लं कमी निघाली. पुढच्या अभ्यासांतही साधारण हेच दिसत राहिलं, त्यामुळे ‘पातळी कमी असते’ हे आज मान्य करायला हरकत नाही.

पण कमी का असते? मूल कमी खातं म्हणून, त्याचं शरीर रूपांतर कमी करतं म्हणून, की चंचल मूल ताटावर टिकतच नाही, भाजी-मासे सोडून वेफर्सवर राहतं म्हणून? शेवटचं खरं असेल तर चंचलता हे कारण आणि कमी पातळी हा परिणाम. रक्ताच्या एका नमुन्यावरून यातलं काय खरं ते कळत नाही. त्यासाठी देऊन बघावं लागतं.

## देऊन पाहिल्यावर काय झालं?

नीट चाचणी म्हणजे अर्ध्या मुलांना खरी कॅप्सूल, अर्ध्यांना दिसायला तशीच पण साध्या तेलाची, आणि कुणाला काय मिळतंय हे पालक, शिक्षक, संशोधक कुणालाच माहीत नाही. म्हणून तिला आंधळी चाचणी म्हणतात.

सुरुवातीला प्रिमरोज या फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या लहान चाचण्या झाल्या. हाती जवळजवळ काही लागलं नाही. २००१ मध्ये अमेरिकेत एडीएचडी असलेल्या मुलांना रोज ३४५ मि.ग्रॅ. डीएचए चार महिने दिलं. रक्तातली पातळी वाढली, लक्षणं होती तिथेच राहिली. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा निकाल तो हाच, असं आम्हाला वाटतं: रिकामी जागा भरली, आणि वागणं बदललं नाही.

मग २००५ मध्ये ऑक्सफर्ड-डरहॅम अभ्यास आला आणि वातावरण बदललं. हालचालींच्या समन्वयात मागे पडणाऱ्या ५ ते १२ वर्षांच्या ११७ मुलांपैकी साधारण निम्म्यांना तीन महिने माशाचं आणि प्रिमरोजचं तेल दिलं. रोजचं ईपीए ५५८ मि.ग्रॅ., डीएचए १७४. ज्या हालचालींसाठी अभ्यास होता त्यांत फरक पडला नाही. पण त्या तीन महिन्यांत तेल घेणाऱ्या मुलांचं वाचन साडेनऊ महिन्यांनी पुढे गेलं, खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचं तीन महिन्यांहून थोडं जास्त. वागण्यातही सुधारणा दिसली. जाहिरातींत आजही जो ‘ऑक्सफर्डचा पुरावा’ असतो तो बहुधा हा, आणि त्यातल्या मुलांची निवड एडीएचडीच्या निदानावरून झालेलीच नव्हती हे जाहिरातीत नसतं.

त्याच संशोधकांनी पुढे ७ ते ९ वर्षांच्या, वाचनात मागे असलेल्या ३६२ मुलांपैकी साधारण निम्म्यांना रोज ६०० मि.ग्रॅ. डीएचए दिलं. २०१२ मध्ये निकाल आला. सर्वांत मागच्या मुलांच्या वाचनात आणि पालकांनी नोंदवलेल्या वागण्यात थोडा फायदा होता. मग हीच चाचणी ३७६ मुलांवर पुन्हा केली आणि २०१८ मध्ये निकाल छापला: फायदा पुन्हा दिसला नाही. आपलाच चांगला निकाल पुन्हा तपासून तो टिकला नाही हे उघडपणे सांगणं, याला शास्त्रात मोठं मोल आहे.

सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर? २०११ मध्ये १० चाचण्यांतल्या ६९९ मुलांचा हिशेब मांडला गेला. त्यात लहान पण खरा फायदा दिसला, आणि ईपीएचं प्रमाण जास्त तिथे तो जरा जास्त. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३७ चाचण्या, २३०० हून जास्त सहभागी असा मोठा आढावा घेतला. पालकांनी नोंदवलेल्या एकूण लक्षणांत, लक्ष न टिकण्यात किंवा चंचलतेत खऱ्या-खोट्या कॅप्सूलमध्ये फरक नाही, आणि हा पुरावा भक्कम आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने तर २०१८ च्या मार्गदर्शिकेत सरळ लिहिलं की मुलांच्या एडीएचडीवर उपचार म्हणून मेदाम्लांच्या गोळ्या सुचवू नयेत.

‘लहान फायदा’ म्हणजे केवढा, तेही पाहू. शंभर मुलांना चंचलतेप्रमाणे रांगेत उभं करा, सर्वांत शांत मूल पहिलं. आपलं मूल पन्नासावं आहे असं धरा. २०११ चा आशादायक आकडा खरा मानला, तर ओमेगा-३ मुळे ते साधारण अडतिसाव्या जागी येईल. मिथाइलफेनिडेट या नेहमीच्या औषधाने ते बाविसाव्याच्या आसपास येतं.

## ‘पण आमच्या मुलात फरक पडलाय, आम्ही बघतोय ना!’

पालक खोटं बोलत नाहीत. पण आपण जे अपेक्षितो ते आपल्याला दिसतं, आणि त्याप्रमाणे आपण वागतोही. १९९४ मध्ये अमेरिकेत ५ ते ७ वर्षांच्या ३५ मुलग्यांवर एक प्रयोग झाला. साखर खाल्ली की आपला मुलगा उधळतो, अशी त्यांच्या आयांची खात्री होती. सगळ्यांना बिनसाखरेचंच गोड पेय दिलं. निम्म्या आयांना मात्र ‘साखर दिली आहे’ असं सांगितलं. त्या आयांना मुलगा जास्त चंचल वाटला. त्या त्याच्या जवळ-जवळ राहिल्या, जास्त टोकत राहिल्या. पेय दोघांचंही तेच होतं.

माशाच्या तेलाला आणखी एक खोड आहे, माशाच्या वासाचे ढेकर. कुणाला खरी कॅप्सूल मिळाली हे त्यावरून घरच्यांना कळू शकतं, आणि मग आंधळी चाचणी आंधळी राहत नाही.

तुलनेला दुसरा गट नसेल तर काहीच कळत नाही. २००६ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम परगण्यात शालान्त परीक्षेच्या सुमारे ५००० विद्यार्थ्यांना ओमेगा-३ देण्याचं ठरलं, पण न घेणाऱ्यांचा गट ठेवलाच नाही. परीक्षा जवळ आल्यावर मुलं तशीही अभ्यासाला बसतात. त्या उपक्रमावर टीका झाली ती याच कारणाने.

## मग कुणालाच उपयोग नाही का?

तैवानमधल्या एका चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. ६ ते १८ वर्षांच्या ९२ मुलांना १२ आठवडे रोज १.२ ग्रॅम ईपीए किंवा खोटी कॅप्सूल दिली. ज्यांच्या रक्तात सुरुवातीला ईपीए कमी होतं, त्यांचं लक्ष टिकणं सुधारलं. ज्यांच्यात ते आधीच भरपूर होतं, ती उतावळेपणाच्या मोजणीत खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांच्या मागे पडली. एक लहान चाचणी आहे, तिच्यावर इमारत बांधता येणार नाही. पण कोरड्या जमिनीला पाणी मानवतं आणि भिजलेल्या जमिनीला तेच पाणी चिखल करतं, तसं काहीसं हे असू शकतं. मासे क्वचितच खाणारं, कोरड्या त्वचेचं मूल आणि आठवड्यातून तीनदा बांगडा खाणारं मूल यांना एकाच मापाने मोजू नये.

## ताटात काय वाढायचं?

चंचलता असो-नसो, वाढत्या मुलाला ही मेदाम्लं लागतातच. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांची शिफारस अशी: ईपीए आणि डीएचए मिळून २ ते ४ वर्षांना रोज १०० ते १५० मि.ग्रॅ., ४ ते ६ वर्षांना १५० ते २००, ६ ते १० वर्षांना २०० ते २५०.

मासे खाणाऱ्या घरात हे सोपं आहे, आणि महाग माशाची गरज नाही. बांगडा आणि तारली (मालवणात पेडवे) हे तेलकट मासे. ऋतूप्रमाणे त्यांतलं तेल कमी-जास्त होतं, तरी १०० ग्रॅम मांसात एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ धरायला हरकत नाही. काटे काढलेलं ६० ग्रॅम मांस आठवड्यातून दोनदा दिलं, तर रोजचे १७० मि.ग्रॅ. भरतात, तीनदा दिलं तर २५०. तारलीचे काटे बारीक असतात, लहानांसाठी बोटांनी चाचपूनच वेगळे करा. मोरी आणि मोठी सुरमई यांत पारा जास्त साठतो, त्या मुलांना वारंवार नकोत.

कसं शिजवता यानेही फरक पडतो. बांगडा रवा लावून भरपूर सूर्यफूल तेलात तळला की माशातलं थोडं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं बरंच माशात शिरतं. तिखल्यात किंवा कालवणात माशाचं तेल रश्श्यात राहतं आणि भाताबरोबर पोटात जातं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना सुका बांगडा चवीला ठीक, पण वाळवताना ही नाजूक मेदाम्लं बरीच खवट होतात आणि मीठही फार असतं.

## ‘आम्ही शाकाहारी आहोत’

जवसाची चटणी विदर्भ-मराठवाड्यात आधीपासून आहे, ती मुलांच्या ताटात नेमाने यावी. जवस मंद आचेवर, तडतडेपर्यंत भाजायचे. भाजणं चवीपुरतं नाही: कच्च्या जवसात सायनाइड सोडणारे घटक थोड्या प्रमाणात असतात, ते भाजल्याने कमी होतात. गार झाल्यावर लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ घालून कुटायचे. अख्खा जवस दाताखाली आला नाही तर तसाच बाहेर पडतो, म्हणून कुटणं गरजेचं. कुटल्यावर मात्र तेल उघडं पडतं आणि हवेने खवट होतं. आठ-दहा दिवसांपुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. कडवट, रंगासारखा वास आला की टाकून द्या.

दोन सपाट छोटे चमचे पुडीत, म्हणजे सुमारे ५ ग्रॅममध्ये, एक ग्रॅमहून थोडं जास्त एएलए मिळतं. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला रोज ०.९ ग्रॅम पुरे, अशी अमेरिकी शिफारस आहे. एएलएची गरज त्यात भागते. त्यातून ईपीए मात्र पन्नासेक मि.ग्रॅ.च बनेल आणि डीएचए त्याहून खूप कमी. अळशी म्हणजे शाकाहारी मासा, हे म्हणणं म्हणूनच खरं नाही. थेट डीएचए हवं असेल तर शैवालापासून काढलेलं तेल मिळतं. त्याच्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असू शकतं, तेव्हा वेष्टनावरची हिरवी खूण बघून घ्या.

## ‘गोळी द्यायचीच असेल तर?’

बालरोगतज्ज्ञांशी बोलून द्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, रक्तस्रावाचा आजार असेल किंवा माशाची ॲलर्जी असेल तर त्यांना न विचारता अजिबात नको. ‘कॉड लिव्हर ऑइल’ आणि ‘फिश ऑइल’ एक नव्हेत. पहिलं माशाच्या यकृताचं, त्यात अ जीवनसत्त्व खूप असतं. काही तेलांच्या एका चमच्यातच ते लहान मुलाच्या सुरक्षित मर्यादेबाहेर जातं.

मागच्या बाजूचे दोन आकडे बघा. सुरुवातीच्या बाटलीतून ऑक्सफर्ड-डरहॅमच्या जवळपास ईपीए मिळवायला दिवसाला तीन कॅप्सूल लागतील, म्हणजे साठची बाटली वीस दिवसांत संपेल. एक कॅप्सूल फोडून वास घ्या. ताज्या माशासारखा हलका वास चालेल, कुबट किंवा रंगासारखा वास आला तर बाटली परत करा. जेवणाबरोबर दिल्यास मळमळ आणि ढेकर कमी होतात.

मुलाचं एडीएचडीचं औषध चालू असेल तर ते थांबवून हा प्रयोग नको. तेलाचा परिणाम कळायला जे बारा आठवडे लागतात त्यांत जी परीक्षा बुडेल, जी मैत्री तुटेल, ती तेलाने भरून येत नाही. आणि आईच्या स्वयंपाकामुळे हे झालं, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हा लेख वाचायला द्या. या विकाराचा सर्वांत मोठा वाटा आनुवंशिक आहे.

प्रयोग करायचाच तर नीट करा. सुरू करण्याआधी दोन आठवडे एका वहीत मोजता येतील अशा तीन गोष्टी लिहा: गृहपाठाला सलग किती मिनिटं बसला, जेवताना किती वेळा उठला, शाळेत किती वस्तू विसरला. वर्गातल्या बाईंना आठवड्यातून एकदा शून्य ते दहा असा आकडा मागा, आणि कॅप्सूल सुरू केली हे त्यांना सांगू नका. मधे शिकवणी, झोपेची वेळ, मोबाइलचे नियम बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यांची आवरणं नव्या मेदाम्लांनी भरायला वेळ लागतो, म्हणून बारा आठवड्यांआधी निकाल काढू नका. मग पहिल्या आणि शेवटच्या दोन आठवड्यांची पानं शेजारी-शेजारी ठेवा. बाईंचे आकडे हलले नसतील तर पुढची बाटली आणू नका, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. निदानासाठी त्यांना जे विचारायचं असतं, त्यातलं बरंच त्या पानांवर आधीच लिहिलेलं असेल.